रिपोर्ट नॉर्मल, माणूस आडवा



आम्ही कोरडवाहू गावचे, पोटासाठी मीरा-भाईंदरला आलो. गावाकडे वाटते, शहरात पावलोपावली दवाखाना. तिथला माणूस उपचारावाचून राहत नाही. आमचा अनुभव वेगळा आहे.

दोन वर्षांपासून अंगातली शक्ती गेली. सकाळी उठावे तर रात्रभर पऱ्हाट्या उपटल्यासारखे अंग. अन्न गोड लागेना, कोणाशी बोलावेसे वाटेना. रक्त, साखर, थायरॉईड, सगळे तपासले. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टॉनिक घ्या. घरचे म्हणाले, आळस. खाजगी मनोविकारतज्ज्ञाची फी परवडेना. सरकारी मनोरुग्णालय ठाण्याला, १९०१ सालचे. भाईंदरहून तिथे थेट लोकल नाही. घोडबंदर रस्त्याने बस, म्हणजे दिवसाचा रोज बुडाला. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याने हे दर महिन्याला करायचे!

ज्वारीला खोडमाशी लागली की बाहेरची पाने हिरवी असतात, मधला पोंगा सुकतो. बांधावरून पाहणाऱ्याला पीक ठीकच दिसते. म्हणून कोणी ज्वारीला आळशी म्हणतो काय?

प्रत्येक थकवा उदासीचा नसतो. पंडुरोग, क्षय, मधुमेह आधी तपासलेच पाहिजेत. पण तपासणीत सापडले नाही म्हणजे आजारच नाही, असे नव्हे. उदासीचा आजार पुष्कळदा थकवा, अंगदुखी, मोडलेली झोप याच रूपाने येतो.

कोणी म्हणेल, खरे दुखणे कर्जाचे आणि भावाचे. गोळ्यांनी काय होणार? कर्ज गोळ्यांनी फिटत नाही, हे आम्हालाही कळते. पण भाव मागायला माणूस उभा तर राहिला पाहिजे!

आणि हे अशक्य नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले. दीड वर्षात उदासीच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ४ वरून २७ वर गेले. म्हणजे माणसे उपचार टाळत नव्हती. उपचारच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा उपचार हक्क ठरवला आहे. आवश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्व सरकारी दवाखान्यांत फुकट मिळाली पाहिजेत, असे त्यात लिहिले आहे. ही मेहेरबानी नव्हे.

तेव्हा या बैठकीत ठराव करा: आपल्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा वार ठरवून पाटीवर लिहावा, औषधे तिथेच मिळावीत. बैठक संपल्यावर दहाजणांनी जाऊन पाटी लागली की नाही ते पाहावे.

तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. मराठीत बोलता येते. आणि शेजारचा गडी चार दिवस शेतावर दिसला नाही, तर आळशी म्हणण्याआधी त्याच्या दारात जाऊन बसा.