शाळेची चावी कोणाकडे आहे?

14 एप्रिलच्या मिरवणुका आटोपल्या, परीक्षा संपल्या, की शिबिरांचा हंगाम सुरू होतो. वसतिगृहांतले विद्यार्थी गट, वस्त्यांमधल्या अभ्यासिका, गावोगावची फुले-आंबेडकर युवा मंडळे मे महिन्यात चार-पाच दिवसांचे निवासी शिबिर घेतात. बिहारपासून कर्नाटकापर्यंत त्याचा साचा साधारण सारखाच असतो. सकाळी कवायत, दुपारी संविधानाचे वर्ग, संध्याकाळी गाणी, आणि रात्री जेवणानंतर जातीबद्दलच्या त्या गप्पा, ज्या घरी किंवा कॉलेजात मोकळेपणाने होत नाहीत. जागा मात्र बहुतेक वेळा उघड्यावरची. कुणा ओळखीच्याच्या शेताचा तुकडा, तलावाकाठचा माळ, डोंगराच्या पायथ्याची आमराई. सभागृहाचे भाडे परवडत नाही, आणि जमवाजमव करून पैसे उभे केले तरी आपले बॅनर पाहून सभागृह मिळेलच असे नाही.

आणि मे हा या देशातला सर्वात बेभरवशाचा महिना. उत्तरेत लू वाहते, राजस्थान-उत्तर प्रदेशात धुळीची वादळे उठतात, बंगाल, झारखंड, ओडिशात कालबैसाखी येते, दख्खनवर वळीव कोसळतो. दुपारी चारपर्यंत अंग भाजणारे ऊन असते आणि पाचला तंबूच्या खुंट्या उपटणारा वारा सुटतो. मग दरवर्षी तेच फोटो आपल्या फोनवर येतात: आडवा झालेला मंडप, भिजलेल्या सतरंज्या, चिखलात बरबटलेली पण हसणारी पोरे, आणि खाली ओळ, 'वादळवाऱ्यातही न डगमगता शिबिर यशस्वी'.

या ओळीबद्दल बोलायला हवे.

'आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या उन्हापावसातच राबली, आपल्याला काय होते?' हे वाक्य शिबिराच्या तयारीच्या बैठकीत कुणीतरी बोलतेच. ते बोलणारा मनाने चांगला असतो. पण या वाक्याचा उगम कुठे आहे, ते पाहा. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, रस्त्याच्या डांबरावर माणसे लावताना मुकादम हेच म्हणतो, की ही माणसे काटक आहेत, यांना सवय आहे. सवय कुणालाच नसते. इलाज नसतो. 2022 साली वीज पडून देशात 2,887 माणसे मेली, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. नैसर्गिक आपत्तींनी झालेल्या एकूण मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक. शेतात राबणारी, गुरे राखणारी, झाडाखाली आडोसा घेतलेली माणसे त्यांत किती असतात, हे गावात वाढलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या आईबापांनी ज्या आभाळाखाली नाइलाजाने आयुष्य काढले, त्याच आभाळाखाली त्यांच्या मुलांना निष्काळजीपणे उभे करणे याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

शिबिराला मुलगी पाठवताना आई विचारते, 'उन्हातान्हात कशाला जायचे? आम्ही काय कमी भोगले?' कार्यकर्ते तिला मागासलेली समजतात. खरे तर सगळ्या बैठकीत हवामानाचा सर्वात जाणता माणूस तीच असते.

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा मोकळ्या मैदानावर भर उन्हात झाला. श्रद्धेने आलेली लाखो माणसे तासन्‌तास बसून होती. 14 जणांचा मृत्यू झाला. व्यासपीठावर छत होते, समोरच्या गर्दीच्या डोक्यावर नव्हते. तो सरकारी सोहळा होता आणि आपली शिबिरे फार लहान असतात, हे मान्य. पण पाहुणे वक्ते मंडपात पंख्यासमोर आणि मुले उन्हात रांगेत, हे दृश्य आपल्याकडेही दिसते. समतेच्या शिबिरात सावलीची वाटणी कशी झाली, हेही मुले पाहतच असतात.

याचा अर्थ उघड्यावर जाऊच नये असा नाही. डोंगर, जंगल, नदीकाठ या जागा आपल्या मुलांनी मजुरीसाठी पाहिलेल्या असतात, मौजेसाठी क्वचितच. चांगल्या बुटांची आणि महागड्या 'ॲडव्हेंचर कॅम्प'ची जाहिरात ज्यांच्यासाठी छापली जाते, त्यात आपला चेहरा नसतो. तो हक्क घ्यायलाच हवा, आणि घेतल्यावर काय होते याचा दाखला आपल्यासमोर आहे. 25 मे 2014 रोजी मलावत पूर्णा ही आदिवासी शेतमजुरांची मुलगी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. वय 13 वर्षे 11 महिने. तिच्याबरोबर आनंद कुमार हा खम्मम जिल्ह्यातला दलित मुलगा होता. दोघेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. या शाळांचे सचिव होते आर. एस. प्रवीण कुमार. या गोष्टीतले शिखर सगळ्यांना पाठ आहे, तयारी कुणी सांगत नाही. भोनगिरच्या खडकावर सराव, मग दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण, मग लडाखच्या थंडीत सराव, आणि त्यानंतर तिबेटच्या बाजूने चढाई. 'मजुरांची पोरे आहेत, सोसतील' असे म्हणून त्यांना कुणी डोंगरावर सोडले नाही. गिर्यारोहणात तर शिखराकडे कधी निघायचे हे हवामानाचा अंदाज पाहूनच ठरते. वारा थांबेपर्यंत खाली थांबणाऱ्याला तिथे कुणी भित्रा म्हणत नाही.

तेव्हा आपले म्हणणे असे: हाकेच्या अंतरावर पक्के छप्पर नसेल तर उघड्यावर मुक्काम करू नये. आणि ते छप्पर वादळ आल्यावर हात जोडून मागायचे नाही, आधीच लेखी मिळवायचे.

मुद्दा जातीचा होतो तो इथे. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. छप्पर सगळ्यांसाठी सारखे उघडत नाही. कोसळत्या पावसात साठ मुले घेऊन तुम्ही गावात शिरता. जिल्हा परिषदेची शाळा समोर असते, पण सुटी लागलेली, कुलूप घातलेले. चावी मुख्याध्यापकांकडे, ते तालुक्याला राहतात. दुसरी चावी गावातल्या एका घरी असते. त्या घराच्या ओसरीवर पहिला प्रश्न येतो, 'कुठून आलात?' दुसरा, 'कुणाचं शिबिर?' आडनाव सांगितल्यावर ओसरीवरची माणसे एकमेकांकडे बघतात, आणि चावी सापडेनाशी होते. राज्य बदला, भाषा बदला, प्रश्नांचा क्रम तोच राहतो.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन यासाठी शिबिरात वाचायला हवे. त्यातला पहिलाच प्रसंग उन्हाळ्याच्या सुटीतला आहे. साल 1901. वडील नोकरीच्या गावी, म्हणून साताऱ्याहून मुले त्यांना भेटायला निघाली: नऊ-दहा वर्षांचे भीमराव, थोरले भाऊ आणि भाचरे. अंगावर नवे कपडे. मसूर स्टेशनावर उतरली, पण पत्र न पोचल्याने न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने बोलत होता, जात कळल्यावर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. बरोबर भरपूर जेवण होते. पाणी नव्हते. रात्री जकात नाक्यावर मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. भरल्या डब्यासमोर ती उपाशी झोपली.

त्याच पुस्तकात 1934 सालची दौलताबादची सहल आहे. चळवळीतले तीसेक सहकारी किल्ला पाहायला गेले. धुळीने माखलेले होते, दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले. त्यावरून आरडाओरडा झाला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहता आला तो सोबत हत्यारबंद पहारेकरी घेऊन, वाटेत कुठल्या पाण्याला हात लागू नये म्हणून. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदा करून आले होते. शिकलेल्या माणसांनाही सहलीवर पाणी कुणाचे हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्यासारख्या पदवीधरांनी नीट लक्षात ठेवावे.

हा जुना काळ झाला असे कुणी म्हणेल. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टिणम भागातल्या मदत छावण्यांत दलितांना पाण्यापासून, स्वच्छतागृहांपासून दूर ठेवल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. मे 2019 मध्ये फनी चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. लाखो लोकांना वेळेत हलवल्याबद्दल तिथल्या प्रशासनाचे जगभर कौतुक झाले, ते रास्तच होते. त्याच वादळात पुरी जिल्ह्यातून बातमी आली, की काही दलित कुटुंबांना आश्रयासाठी उघडलेल्या इमारतीत राहू दिले नाही आणि त्यांनी वादळ वडाच्या झाडाखाली काढले. चक्रीवादळात वडाचे झाड! इथे जीव घेणारा वारा किती आणि कुलूप किती, हे हवामान खात्याच्या नकाशावर दिसत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण कमजोर नाही. संविधानाचे कलम 15(2) दुकाने, विहिरी, तलाव, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागांचा वापर जातीवरून अडवायला मनाई करते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 3 मध्ये 2015 च्या दुरुस्तीने शाळा, दवाखाना किंवा इतर कुठल्याही सार्वजनिक जागी प्रवेश रोखणे हा गुन्हा ठरवला आहे. पण रात्री आठ वाजता, विजा चमकत असताना, भिजलेल्या मुलांना मागे उभे करून कलम वाचून दाखवता येत नाही. कलमाचा उपयोग महिनाभर आधी होतो, दुपारी अकरा वाजता, कचेरीत.

इथे पहिल्या पिढीतल्या पदवीधराची जागा आहे. आपल्या आजोबांना अर्ज लिहिता येत नव्हता, आपल्याला येतो. शिबिराची तारीख ठरली की ग्रामपंचायत, शाळेचे मुख्याध्यापक आणि तहसीलदार यांना अर्ज द्या: अमुक तारखांना इतकी मुले-मुली मुक्कामी आहेत, हवामान बिघडल्यास शाळेच्या इतक्या खोल्या उघड्या मिळाव्यात, चावी कोणाकडे राहील त्यांचे नाव व फोन कळवावा. आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घ्या. नकार दिला तर तोही लेखी मागा. लेखी नकार द्यायला माणसे कचरतात, हा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल. आणि पोच मिळाली तरी एक दिवस आधी जाऊन ते कुलूप प्रत्यक्ष उघडून पाहा. छत गळते का, नळाला पाणी येते का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का. ही शेवटची गोष्ट विसरली जाते, आणि पुढच्या वर्षी मुलींची संख्या निम्म्यावर येते.

समाजमंदिर किंवा विहार असेल तर उत्तमच, पण पत्र्याचे छप्पर आणि कच्ची भिंत यांना पक्का निवारा समजू नका. मे 2018 मध्ये राजस्थान आणि उत्तर प्रदेशात एका रात्रीच्या धुळीच्या वादळात शंभरावर माणसे गेली. त्यांतली बरीच घराची भिंत किंवा छप्पर अंगावर पडून, झोपेत.

विजेबद्दलचे नियम थोडे आहेत, ते शिबिराच्या पहिल्याच दिवशी मुलांनाच पाठ करायला लावावेत. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. वर्ग तिथेच थांबवून आत जायचे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर यायचे नाही. झाड, तंबू, चारी बाजूंनी उघडी शेड यांखाली उभे राहायचे नाही, पाण्यात असाल तर बाहेर या. बंद छताची बस चालते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देते, आणि हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल इशारे जिल्ह्यानुसार मिळतात. तो इशारा रोज सकाळी फळ्यावर लिहायला एक मुलगा-मुलगी नेमा. उन्हाचेही तेच: अकरा ते चार कवायत नको.

सर्वात अवघड भाग वेगळाच आहे. शिबिर थांबवायचे कुणी ठरवायचे? वर्गणी गोळा झालेली, पाहुणे दुसऱ्या राज्यातून निघालेले, मंडपवाल्याची आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. अशा वेळी संघटनेतला सर्वात ज्येष्ठ माणूस म्हणतो, 'होईल काहीतरी.' आमच्या मते हा अधिकार ज्येष्ठांकडे ठेवू नये. मुलांबरोबर प्रत्यक्ष मुक्काम करणाऱ्या दोघांकडे, त्यांतली एक बाई, तो आधीच ठरावाने द्यावा. त्यांनी 'बस, आता शाळेत' म्हटले की वक्त्याचे वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. अंदाजपत्रकात रद्द होण्याचा खर्च आधीच धरावा. मोठ्या संघटनांनी लहान मंडळांचे हे नुकसान वाटून घेतले, तर पुष्कळ ठिकाणचा हट्ट आपोआप कमी होईल. ज्या मुलाकडे एकच बुटांचा जोड आहे आणि रेनकोट नाही, तो आपणहून मागणार नाही. चार-दोन जादा ताडपत्र्या, कोरडे कपडे, वह्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या यांचा खर्च हार-शालींच्या खर्चातून सहज निघतो.

आणि शाळा खरेच उघडली, साठ मुले कोरड्या फरशीवर बसली, तर दुपारचा राहिलेला संविधानाचा वर्ग तिथेच घ्या. गावातली पोरे खिडकीशी जमतील. त्यांनाही आत बोलवा, शाळा त्यांचीही आहे. सकाळी निघताना खोल्या झाडून, चावी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या हाती देऊन, परत केल्याची सही घ्यायची. पुढच्या वर्षीच्या अर्जाला तो कागद जोडता येतो.