जुलाब थांबले म्हणजे धोका टळला, असे नाही

पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कळलावीची लाल-पिवळी फुले ज्वाळांसारखी उठून दिसतात. या वेलीच्या कंदात कोल्चिसिन असते. युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजतो, त्या गाऊटवर दिली जाणारी एक जुनी गोळीही कोल्चिसिनचीच. कंद चुकून खाल्ला काय किंवा गोळ्या जास्त घेतल्या काय, विषबाधा एकच.

हे विष फसवे आहे. पहिले काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या, पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात. ऐन पावसाळ्यात कोणालाही ती हगवणच वाटणार. सलाईनने थोडे बरे वाटते आणि रुग्ण घरी जातो. खरा घाला एक-दोन दिवसांनी पडतो. कोल्चिसिन पेशींचे विभाजन रोखते. त्यामुळे अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे थांबते, मूत्रपिंड आणि हृदय निकामी होऊ लागते.

यावर बाजारात मिळणारा उतारा नाही. 1995 मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रतिपिंडे वापरून एक रुग्ण वाचवल्याची नोंद आहे. पण ते औषध सर्वत्र पोहोचले नाही. विष शरीराच्या ऊतींमध्ये मुरत असल्याने डायलिसिसनेही ते निघत नाही. सुरुवातीच्या तासा-दोन तासांत दिलेला औषधी कोळसा आणि नंतर अतिदक्षता विभागातील उपचार एवढेच हाती उरते. तिथे हृदयावर सतत लक्ष ठेवावे लागते. गरजेनुसार कृत्रिम श्वास, रक्त आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने द्यावी लागतात.

म्हणूनच अंतर हा इथे उपचाराचाच प्रश्न आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. रुग्ण खालावल्यावर गाडी शोधली, तर उशीर झालेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राने लक्षणांची वाट न पाहता, काय खाल्ले, किती आणि केव्हा, एवढ्या माहितीवरच त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले पाहिजे. कंदाचा तुकडा किंवा गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत द्यावी.

गोळ्यांची विषबाधा तर बरीचशी टाळता येते. ‘जुलाब लागेपर्यंत घ्या’ ही जुनी पद्धत सोडायला हवी. 1.8 मिलिग्रॅमचा कमी डोसही 4.8 मिलिग्रॅमइतकाच उपयोगी पडतो, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. जुलाबाचा त्रासही बराच कमी होता. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल, तर नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. औषध दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ही गोळी देऊ नये आणि देताना हे दोन प्रश्न विचारावेत. दुखणे अंगठ्याचे असते. त्यापायी जीव जाऊ नये.