दप्तरातला पिवळा कागद

ऑगस्ट संपत आला की आपल्या घराघरांतून एकच गडबड सुरू होते. देशातून आलेल्या बॅगा अजून पुरत्या रिकाम्या झालेल्या नसतात, चकलीचा डबा अर्धा उरलेला असतो आणि मुलांची शाळा दारात येऊन उभी राहते. वह्या, पेन्सिली, नवे बूट यांची खरेदी होते. पहिल्याच आठवड्यात मूल घरी येते ते कागदांचा गठ्ठा घेऊन. त्यात शाळेचे कॅलेंडर असते, 'बॅक टू स्कूल नाइट'चे आमंत्रण असते, पीटीएचा सभासद-अर्ज असतो, फंडरेझरचा चकचकीत कॅटलॉग असतो आणि एक इमर्जन्सी कार्ड असते. हल्ली यातले बरेच काही ईमेलने किंवा फोनवरच्या अ‍ॅपमधून येते. फरक एवढाच की पूर्वी कागद न वाचता ड्रॉवरमध्ये जायचा, आता निरोप न वाचता बोटाने वर सरकवला जातो.

मुलांचा अभ्यास मात्र आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. स्पेलिंगच्या परीक्षेत एक शब्द चुकला तर तो कोणता, हे आपल्याला ठाऊक असते. बाकीचे कागद म्हणजे 'शाळेचे काहीतरी'. माझे मत असे की, हे 'काहीतरी' आपण घरच्या इन्शुरन्सच्या आणि टॅक्सच्या कागदांइतकेच गंभीरपणे घ्यायला हवे. हे मत मला पुस्तक वाचून सुचलेले नाही. म्हणून आधी माझीच फजिती सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी तेव्हा पहिलीत होती. माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. फेब्रुवारीत एका दिवशी बर्फाचा अंदाज एकाएकी बदलला आणि शाळेने दुपारी बारालाच सुट्टी जाहीर केली. तसा ईमेल मला आलाही होता. पण मी मीटिंगमध्ये, फोन बंद. सौ. मॅनहॅटनमधल्या ऑफिसात, तिथून घर दीड तासावर. आमच्याकडे लहान वर्गातल्या मुलांना थांब्यावर कोणी मोठे माणूस नसले तर बसमधून उतरवत नाहीत. त्यामुळे शाळेने मुलीला ऑफिसात बसवून ठेवले आणि कार्डावरचे नंबर फिरवायला सुरुवात केली. पहिला नंबर आमच्या जुन्या अपार्टमेंटमधला. दुसरा एका मित्राचा, जो वर्षापूर्वीच टेक्ससला गेला होता. ते पिवळे कार्ड मी बालवाडीच्या वर्षी भरले होते आणि पुढच्या वर्षी 'काही बदल नाही' या चौकोनात खूण करून तसेच परत पाठवले होते.

शेजारच्या मुलांना लवकर घरी आलेले पाहून आईच्या लक्षात आले. माझे बूट घालून, बर्फातून चालत ती शाळेत पोचली. ऑफिसातल्या बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, पण नात काही दिली नाही. आईचे नाव कार्डावर नव्हते आणि पासपोर्ट घरी कपाटात होता. काचेच्या एका बाजूला आजी आणि दुसऱ्या बाजूला नात, अशा दोघी दोन तास बसून होत्या. मी पोचलो तेव्हा मुलगी रडून थकली होती. रागाने मी त्या बाईंना काही बोलणार, एवढ्यात आईच म्हणाली, "अरे, तिला कशाला बोलतोस? मी आजी आहे हे मला ठाऊक, तुला ठाऊक. पण कागदावर कुठं होते मी?"

त्यावर बोलायला जागा नव्हती. त्या बाईंनी अनोळखी माणसाच्या हाती माझे मूल दिले नाही, याबद्दल खरे तर मी त्यांचे आभार मानायला हवे होते. ऑफिसातल्या प्रत्येक सर्व्हरला दोन-दोन बॅकअप ठेवणारा मी, आणि मुलीच्या कार्डावर चालणारा एकही नंबर नव्हता.

तेव्हा मंडळी, पहिले काम हे कार्ड. ते दर वर्षी नव्याने भरावे. आई-वडिलांखेरीज निदान दोन माणसे अशी लिहावीत की जी दिवसा गावातच असतात आणि ज्यांना विचारून त्यांचे नाव घातले आहे. आजी-आजोबा येणार असतील तर ते विमानात बसण्यापूर्वीच त्यांचे नाव शाळेला कळवावे, आणि ते पासपोर्टवर आहे तसेच. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलते, मध्ये नवऱ्याचे नाव येते, घरी सगळे 'माई' म्हणतात. शाळेला माई कळत नाही. पासपोर्टची एक प्रत त्यांच्या पर्समध्ये ठेवावी आणि खरा पासपोर्ट कुठे आहे तेही दाखवून ठेवावे, कारण काही ठिकाणी प्रत चालत नाही. गॅसगळती किंवा लॉकडाउनसारख्या प्रसंगी शाळा मुलांना दुसऱ्या जागी हलवते, तेव्हाही यादीतले नाव आणि ओळखपत्र पाहूनच मूल ताब्यात देतात. त्या दिवशी धावपळ करून यादीत नाव घालता येत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची आणि खाण्याची. मुलाला कणकण असेल तर दप्तरात क्रोसिनची गोळी टाकून 'दुपारी घे' म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. इथल्या शाळांत हे चालत नाही. साधारणपणे डॉक्टरांची आणि पालकांची सही असलेला फॉर्म लागतो, औषध मूळ डब्यात लागते आणि ते स्कूल नर्सकडे राहते. दम्याचा इनहेलर किंवा अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन लागत असेल तर हा फॉर्म पहिल्याच दिवशी जायला हवा.

अ‍ॅलर्जीचा विषय आपल्याला विशेष लागू आहे. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट कुठे नसतो? खिचडीत आहे, कोशिंबिरीत आहे, भरल्या वांग्यात आहे. शिवाय तीळ. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थ म्हणून पाकिटावर छापणे कायद्याने सक्तीचे झाले. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, काजू-बदामासारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन हे आधीचे आठ. 'इंटरनॅशनल नाइट'ला आपण हौसेने तिळाच्या वड्या आणि चिवडा घेऊन जातो. घरच्या डब्यावर लेबल नसते, म्हणून ते लेबल आपणच व्हायला हवे. एका कार्डावर पदार्थाचे नाव आणि आतले जिन्नस ठळक अक्षरांत लिहून ताटलीपुढे ठेवावेत. पाच मिनिटांचे काम आहे, पण एखाद्या मुलाच्या जिवाचा प्रश्न असतो.

तिसरी गोष्ट रस्त्याची. स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असताना आणि 'स्टॉप'चा हात बाहेर आलेला असताना मागून येणाऱ्या गाडीने थांबलेच पाहिजे, हा नियम पन्नासही राज्यांत आहे. मध्ये दुभाजक नसेल तर सहसा समोरून येणाऱ्यानेही थांबायचे. दुभाजक असेल तेव्हाचा नियम राज्याराज्यांत वेगळा आहे, तो आपल्या राज्यापुरता वाचून ठेवावा. मुलांना आणि थांब्यावर जाणाऱ्या आजोबांनाही सांगावे की बसच्या चोहोबाजूंचे १० फूट, म्हणजे पाच मोठी पावले, धोक्याची. एवढ्या जवळचे मूल ड्रायव्हरला दिसेलच असे नाही.

बूस्टर सीटबद्दल तर मला मंडळाच्याच कार्यक्रमांची लाज वाटते. गणपतीला येताना 'जवळच तर जायचे आहे' म्हणून एका व्हॅनमध्ये सहा मुले कोंबलेली मी पाहिली आहेत, आणि एकदा ती व्हॅन माझीच होती. गाडीचा पट्टा मुलाला नीट बसेपर्यंत बूस्टर हवा. साधारण ४ फूट ९ इंच उंची होईपर्यंत, म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत ८ ते १२ वर्षांपर्यंत, तो लागतो. तेरा वर्षांखालच्या मुलाने मागच्याच सीटवर बसावे.

आता पैशांकडे वळू. फंडरेझर म्हटले की आपल्यातले अनेकजण वैतागतात. "एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आता आणखी कसले पैसे?" हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्या टॅक्समधून इमारत, बस आणि शिक्षकांचे पगार चालतात. सहलीची बस, ग्रंथालयातली जादा पुस्तके, मैदानावरची नवी घसरगुंडी हे बऱ्याच शाळांत पीटीएच्या पैशांतून येते.

मात्र मदत डोळसपणे करावी. कॅटलॉगमधून ५० डॉलर्सचा रॅपिंग पेपर घेतला तर त्यातला मोठा वाटा माल पुरवणाऱ्या कंपनीचा असतो. त्याऐवजी ५० डॉलर्सचा चेक सरळ पीटीएला द्यावा आणि आपली कंपनी देणगीला जोड देते का ते पाहावे. डॉलरला डॉलर जोड मिळाली तर शाळेला १०० मिळतात. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या कंपन्यांत ही सोय असते आणि वर्ष संपले तरी ती न वापरता पडून राहते. १९९६ साली सुरू झालेल्या बॉक्स टॉप्सच्या योजनेत पूर्वी खोक्यावरचा चौकोन कात्रीने कापावा लागे. २०१९ पासून किराण्याच्या पावतीचा फोनने फोटो काढला की शाळेच्या खात्यात प्रत्येक वस्तूमागे १० सेंट जमा होतात. थेंबे थेंबे तळे साचते.

टॅक्सचेही पाहा. पीटीए करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असेल तर देणगीवर वजावट मिळू शकते. २०२६ या कर-वर्षापासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही अशा संस्थांना चेक, कार्ड किंवा रोखीने दिलेल्या देणगीवर १,००० डॉलर्सपर्यंत, आणि पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असतील तर २,००० डॉलर्सपर्यंत वजावट आहे. पण ४० डॉलर्सचे तिकीट काढून १५ डॉलर्सचे जेवलात तर देणगी २५ डॉलर्सचीच. एका वेळी २५० डॉलर्स किंवा जास्त दिलेत तर लेखी पोच मागून घ्यावी.

शेवटी, चेक देऊन मोकळे होऊ नये. पीटीएच्या सभेला जाऊन बसावे. उच्चाराचा संकोच मलाही होता. पहिल्या दोन सभांत मी तोंड उघडले नाही, तिसऱ्या सभेत फक्त खुर्च्या आवरल्या. चौथ्या सभेत कोणीतरी विचारले की तारीख ठरवताना दिवाळी कधी आहे ते पाहायला हवे का, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. न्यूयॉर्क शहरातल्या सार्वजनिक शाळांना १ नोव्हेंबर २०२४ रोजी पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली, तीही पालकांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यामुळे. मागायला खोलीत माणूस असावा लागतो.

या आठवड्यात जेवणानंतर अर्धा तास काढा. शाळेचे कॅलेंडर फ्रिजवर लावा. कार्डावरचा प्रत्येक नंबर खरोखर फिरवून पाहा. माझी आई यंदा पुन्हा येते आहे. तिचे पूर्ण नाव, पासपोर्टवर आहे तसे, शाळेत मी जून महिन्यातच देऊन आलो. फोनवर तिला हे सांगितले तेव्हा म्हणाली, "बरं झालं. आता बूट तेवढे माझ्या मापाचे घेऊन ठेव."