गुडघ्याची गादी आणि भाताचे खाचर



तुरीच्या शेतात पाणी तुंबले, की मुळांना हवा मिळत नाही आणि पीक माना टाकते. भात मात्र त्याच चिखलात जोमाने वाढतो, कारण कमी हवेत जगण्याची सोय त्याच्या अंगातच असते. आपल्या गुडघ्यातील गादी, म्हणजे कूर्चा, या भातासारखीच आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशींना प्राणवायू मिळतो तो मुख्यतः सांध्यातील वंगणातून झिरपून, आणि तोही बेताचाच. अशा वेळी 'हिफ' नावाची प्रथिने कामी येतात. प्राणवायू भरपूर असला की ती लगेच मोडली जातात. कमी पडला की टिकतात आणि पेशीला पुढचे हुकूम देतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातील हिफ-१ हा राखणदार. तो पेशी जगवतो. हिफ-२ वाढले तर मात्र गादीचे तंतू तोडणारी विकरे तयार होतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत दिसले. म्हणजे कुंपणच शेत खाऊ लागते!

या ज्ञानावर बेतलेले गुडघेदुखीचे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. झिजलेली गादी पुन्हा भरून आणणारे खात्रीचे औषधही नाही. तशी बाटली कोणी विकत असेल, तर बियाण्याचे पैसे तिच्यात घालू नका.

मग करायचे काय? गादी दाबाने पिळते आणि दाब सुटला की वंगण शोषून घेते. म्हणून खाटेवर पडून राहणे हा उपाय नव्हे; झेपेल तेवढे रोज चालावे. ओट्यावर बसून एकेक पाय सरळ करावा व पाच आकडे मोजेपर्यंत धरावा. मांडी बळकट झाली की गुडघ्याला आधार मिळतो. जादा वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. दुखऱ्या गुडघ्याने उकिडवे बसून खुरपू नये. जमेल तेथे उभ्याने चालणारे सायकल कोळपे वापरावे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनानेच रोज घेऊ नयेत. त्या पोट व मूत्रपिंड बिघडवतात. सांधा लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे दुखणे बायकांत अधिक. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात जातो. घरची लक्ष्मी लंगडत असेल, तर सुगी संपण्याची वाट पाहू नका.