वाट आणि वहिवाट

गेल्या वर्षीच्या चैत्रातील गोष्ट. सुट्टीसाठी आलेल्या पुतण्याला घेऊन पहाटे पुण्यातील आमच्या जुन्या घरामागच्या टेकडीवर निघालो होतो. शाळकरी वयात ज्या वाटेने रोज वर जात असू, तीच त्याला दाखवायची होती. देवळामागून, विहिरीच्या कडेने ती वाट निघे. आम्ही गेलो तो समोर लोखंडी फाटक. रखवालदाराने अदबीने विचारले, "कोणाकडे जायचंय साहेब?" म्हटले, "टेकडीवर." तो म्हणाला, "इथून रस्ता नाही." "होता", मी म्हणालो. तेव्हा पुतण्याने सहज विचारले, "काका, शेवटचे कधी गेला होतात इथून?"

उत्तर देताना मान खाली गेली. सोळा वर्षे मी त्या वाटेवर पाऊल टाकले नव्हते. वाट इमारत बांधणाऱ्याने अडवली हे खरेच. पण त्याने ती अडवण्यापूर्वी मी ती सोडलेली होती आणि माझ्यासारख्या अनेकांनी सोडलेली होती. ती बंद झाली त्या दिवशी हरकत घ्यायला तिथे कोणीच नव्हते.

आपल्या भाषेत 'वहिवाट' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. कायद्यालाही तो मान्य आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार शेजारच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा हक्क वीस वर्षांच्या उघड, शांत व अखंड वापराने प्राप्त होतो. आणि सलग वीस वर्षे तो वापरलाच नाही, तर संपुष्टात येतो. शेताकडे जाणारी वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र ती सहा महिन्यांच्या आत. गावनकाशावर पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते. हे कायदे शेतकऱ्यासाठी आहेत, हौशी भटक्यासाठी नव्हेत. परंतु त्यांतील व्यवहार सर्वांनाच लागू पडतो: जी वाट चालली जात नाही, ती वाट राहत नाही.

सह्याद्रीचा इतिहास हा मुळात वाटांचा इतिहास आहे. नाणेघाटाने कोकणातला माल जुन्नरला चढत असे. तेथील सातवाहनकालीन लेणे, त्यातला ब्राह्मी शिलालेख आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण त्या वर्दळीची साक्ष देत आजही उभे आहेत. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवरायांनी कारतलबखानाची फौज अडवली. त्या विजयात शौर्य तर होतेच, पण अरण्यातली वाट कोठे अरुंद होते याचे नेमके ज्ञानही होते. ते ज्ञान मावळ्यांना कोणत्या ग्रंथातून मिळाले नव्हते. गुरे वळताना, बाजाराला जाताना, लेकीच्या गावी जाताना ते त्यांच्या पायांत मुरलेले होते. आपण त्या पराक्रमाचे पोवाडे आवडीने ऐकतो, मुलांना ऐकवतो. पण आपल्या घरामागच्या टेकडीला किती वाटा आहेत, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? आपल्याला तरी आहे काय?

कोणी म्हणेल, आज गडकोटांवर गर्दी मावत नाही, मग ही तक्रार कशाला? गर्दी होते, पण ती बहुतांशी आषाढ-श्रावणातल्या शनिवार-रविवारची. धबधब्याखाली भिजावे, छायाचित्रे काढावीत, परतावे. त्यातून वाट ओळखीची होत नाही. पाऊस आणि धुके डोंगर झाकून टाकतात. डोंगर उघडा दिसतो तो वसंतात आणि ग्रीष्मात. पळस, पांगारा, काटेसावर फाल्गुनात पेटलेले असतात. कुसुंबाला तांबडी पालवी फुटलेली असते. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात, जाळीत करवंदे काळी होतात. पाने झडल्यामुळे कड्याचा आकार, घळीची दिशा, जुन्या तटाची ओळ हे सारे लांबून वाचता येते. पाणी नेमके कोठे टिकते, हेही उन्हाळाच शिकवतो. सिंहगडाचे देवटाके किती मोलाचे, हे भर वैशाखात चढून गेल्याखेरीज कळत नाही. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात सिंहगडावर मुक्कामाला जात, त्यांचा बंगला आजही तेथे आहे. आज मोटार थेट वर जाते आणि आतकरवाडीची पायवाट हा केवळ व्यायामाचा विषय होऊन बसला आहे.

यासाठी मोठा खर्च नको, महागडी साधनेही नकोत. आठवड्यातून एक पहाट पुरे. झुंजूमुंजू होताना निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी, नऊ-साडेनऊपर्यंत खाली उतरावे. प्रत्येकाजवळ पुरेसे पाणी, डोक्यावर टोपी, अंगात सुती कपडे असावेत. कड्याला आग्या मोहोळ दिसले, तर आवाज व धूर टाळावा आणि अत्तर लावून तर जाऊच नये. ज्यांना चढण झेपत नाही, त्यांनी सायकल काढावी. आमच्या पिढीने दांडीखालून पाय घालून वडिलांच्या सायकलीवर तोल सावरायला शिकले आणि खडकवासल्याच्या धरणापर्यंतचा रस्ता पायडल मारीतच ओळखीचा केला. हमरस्त्यावरची वडाची सावली रुंदीकरणात बरीचशी गेली असली, तरी गावागावांना जोडणारे आडरस्ते आणि कालव्याकाठच्या वाटा अजून आहेत. गावातून जाताना थांबावे, रामराम करावा, वाट विचारावी. वाटेची खरी मालकी ज्यांच्या पायांकडे आहे, त्यांच्याशी ओळख झाल्याखेरीज भटकंती पुरी होत नाही.

येथे स्वकीयांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. गडावर जाऊन जयघोष करणे सोपे आहे. रिकामी बाटली पाठपिशवीत घालून खाली आणणे त्याहून थोडे अवघड आहे. उन्हाळ्यात एका विडीच्या थोटकाने किंवा अर्धवट विझवलेल्या चुलीने वणवा लागतो आणि डोंगराचे गवत, पक्ष्यांची घरटी, वर्षादोन वर्षांपूर्वी लावलेली रोपे एका रात्रीत राख होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या बारांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. या सन्मानाने आपली छाती फुगली, ते योग्यच झाले. पण मानपत्राने गड राखला जात नाही. तो राखतात ते तेथे पुन्हा पुन्हा जाणारे लोक.

याचे उदाहरण पुण्यातच आहे. वेताळ टेकडीतून नियोजित असलेल्या रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये नागरिक मोठ्या संख्येने उभे राहिले. रस्ता हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. वाहतुकीची अडचण खोटी नाही. पण उभे राहिलेल्यांत रोज सकाळी त्या टेकडीवर फिरणारे होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोणत्या वळणावर मोर ओरडतो, कोणत्या खाणीत पाणी साठते, हे त्यांना माहीत होते. टेकडी त्यांच्या वहिवाटीत होती, म्हणून तिच्या बाजूने बोलायला माणसे होती. भूमीवरचे प्रेम ही भाषणात शिकवण्याची गोष्ट नाही. ते तळपायातून वर चढते.

त्या दिवशी आम्ही परत फिरलो नाही. रखवालदारानेच सांगितले की, पाण्याच्या टाकीच्या बाजूने अजून एक पायवाट आहे. कामाला येणाऱ्या बायका तिकडून ये-जा करतात. अर्धा तास जास्त लागला. वर पोहोचलो तेव्हा सूर्य हातभर वर आला होता आणि पुतण्या पहिल्यांदाच आपले शहर वरून पाहत होता. तेव्हापासून दर रविवारी मी त्याच वाटेने जातो. शेजारचे दोघे-तिघे, त्यांची मुले आता बरोबर असतात. वाचकहो, आपल्याही घराजवळ अशी एखादी वाट असेल. उद्या पहाटे उठून ती आहे की नाही, एवढे तरी पाहून या. आणि असेल, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.