कॉलेजांतील उद्योगशिक्षण

नवकल्पना व उद्योजकता हे विषय कॉलेजांत शिकविले पाहिजेत, या मतास विरोध करणारा मनुष्य आज शोधूनही सांपडावयाचा नाहीं. २०१६ सालीं स्टार्टअप इंडियाचा डंका वाजला, २०१८ पासून शिक्षणसंस्थांतून नवोपक्रम परिषदा स्थापन होऊं लागल्या, आणि २०१९ सालीं मध्यवर्ती सरकारनें विद्यार्थी व अध्यापक यांच्या उद्योगांसंबंधीं स्वतंत्र धोरणच प्रसिद्ध केलें. हेतूविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो रीतीविषयीं. उद्योजकाचे गुण कोणते, जोखीम म्हणजे काय, यांवर टिपा लिहून पदवी मिळविणाऱ्या तरुणानें तीन वर्षांत एक रुपयाचा माल कोणास विकलेला नसतो, आणि त्यास जोखमीवर व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांचा पगार दरमहा बिनचूक जमा होत असतो. (तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांस हें लागू नाहीं, जोखीम म्हणजे काय तें त्या बिचाऱ्यांस पुरतें ठाऊक आहे.)

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेंत शिक्षक होते. यंत्रें त्यांस तेथें हाताळावयास मिळालीं हें खरें. परंतु धंदा ते शिकले तो बेळगांवास, सायकलींच्या दुकानांत, आणि त्यानंतर लोखंडी नांगर विकतांना. नांगर चांगला होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडानें जमिनीस विष चढेल अशी त्यांची समजूत. नांगर घडविणें निराळें आणि घेणाऱ्याच्या मनांतील शंका ओळखून ती फेडणें निराळें. ही दुसरी विद्या कोणत्याही फळ्यावर लिहून दाखवितां येत नाहीं. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या अधिपतींनीं त्यांस जमीन दिली व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. आमच्या मतें कॉलेजानें आपल्या विद्यार्थ्यांसाठीं हेंच औंधकरांचें काम करावें. तें सोडून तें व्याख्यात्याचें काम करीत बसलें आहे.

शाळा आणि कारखाना एके ठिकाणीं नांदूं शकत नाहींत, असा आक्षेप येईल. तळेगांवचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालीं निघाला तो लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणींतून, आणि तेथें तरुणांनीं काचेचें काम शिकावयाचें तें भट्टीपुढें उभें राहूनच.

आतां २०१९ च्या धोरणाकडे वळूं. उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्यास हजेरी कमी भरली तरी परीक्षेस बसूं द्यावें, सहामाहीची वा वर्षाची रजा द्यावी, अशा सवलती त्यांत सुचविल्या आहेत. सवलती चांगल्या आहेत. पण हजेरीच्या कलमांत एक शब्द हळूच येऊन बसला आहे: संस्थेच्या ‘परवानगीनें’. जी गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते तिला आम्हां वकिलांच्या भाषेंत हक्क म्हणत नाहींत, मेहेरबानी म्हणतात. ज्याच्या वडिलांची बाजारपेठेंत पेढी आहे, त्याचें या मेहेरबानीवांचून अडत नाहीं. त्याचा धंदा बुडाला तर घरचें दुकान आहेच. पण मराठवाड्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी, हजेरी घटली तर शिष्यवृत्ति अडेल या धाकांत असलेली, तिनें कोणाच्या भरंवशावर धाडस करावें? तिच्या अंगीं कल्पकता नाहीं असें म्हणणें हा शुद्ध अन्याय होय. तिला एकदां चुकण्याइतकी ऐपत नाहीं, इतकेंच.

यास उपाय अवघड नाहीं. प्रयोगशाळेंतील लाकडी घोड्या, वसतिगृहांतील पंपांची दुरुस्ती, उपाहारगृहाचा फराळ, यांसाठीं कॉलेज दरसाल बाहेर पैसा मोजतें. यांपैकीं कांहीं काम विद्यार्थ्यांच्या मंडळ्यांस रीतसर दर मागवून द्यावें. कॉलेज हेंच त्यांचें पहिलें गिऱ्हाईक होऊं द्यावें. माल वाईट निघाला तर परत करावा, त्यांत दयामाया नको. कार्यशाळा सायंकाळीं उघडी ठेवावी, थोडें भांडवल बिनव्याजी द्यावें, आणि परीक्षा घ्यावी ती नफ्याची नव्हे, हिशेबाच्या वहीची: तोटा कोठें झाला व कां झाला, हें ज्यास नीट मांडतां आलें तो उत्तीर्ण.

पैसे बुडतील, असें कोणी म्हणेल. कांहीं बुडतील. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे पैसे तरी कोणत्या सालीं परत आले आहेत? विद्यापीठांच्या विद्यापरिषदांस आमची मागणी एवढीच कीं, येत्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या नियमांत ही सवलत हक्क म्हणून लिहावी, आणि ती नाकारावयाची झाल्यास प्राचार्यांनीं कारण लेखी द्यावें.