लॉराची चाल

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक झाली की तीन मिनिटं काढा आणि वुडी हर्मनच्या वाद्यवृंदाची १९४५ सालची 'लॉरा' ही तबकडी ऐका. आता ती मोबाइलवरही सापडते.

जॅझ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धांगडधिंगाच येतो. हर्मनचा ताफाही दणदणीत वाजवण्याबद्दल प्रसिद्ध. पण इथे तो हळुवार झालाय, आणि हर्मन स्वतःच गायलाय.

चाल १९४४च्या 'लॉरा' या अमेरिकन चित्रपटातली. लॉराचा खून झालाय असं समजून तपासाला आलेला पोलीस भिंतीवरच्या तिच्या चित्राच्याच प्रेमात पडतो, अशी गोष्ट. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरला ड्यूक एलिंग्टनची 'सोफिस्टिकेटेड लेडी' ही तयार चाल घ्यायची होती. संगीतकार डेव्हिड रॅक्सिन नको म्हणाला. मग सोमवारपर्यंत स्वतःची चाल आण, असं त्याला बजावलं गेलं. शनिवारी बायकोचं पत्र आलं. त्याचा धड अर्थ लागेना, चालही सुचेना. रविवारी रात्री त्यानं ते पत्र पियानोवर समोर ठेवलं आणि वाजवायला बसला. वाजवता वाजवता उमगलं, ही आपल्याला सोडून चाललीय! आणि चाल हाताखाली आली. रॅक्सिन हे पुढे स्वतःच सांगत असे.

त्याच्या दुःखाचं गाणं झालं. तिनं ते पत्र का लिहिलं, हे मात्र कुणी विचारलेलं माझ्या तरी वाचनात नाही. आपल्या मनात तोच प्रश्न आधी येतो, हो ना?

चित्रपटात ही नुसती सुरावट होती. लोकांना ती आवडली म्हणून मागाहून जॉनी मर्सरनं चालीवर शब्द बसवले. आपल्या सिनेमातही पुष्कळदा चाल आधी होते, पण चित्रपट लागेपर्यंत शब्द तरी आलेले असतात! हर्मनची तबकडी दहा लाखांवर खपली.

ऐकताना एक करा. चाल कुठे टेकते ते बघा. आपल्याला तंबोऱ्यातला सा सतत कानात असायची सवय. इथे सूर एका घरी जरा विसावतो न विसावतो तोच उठून दुसऱ्या घरी जातो. पार शेवटाला कुठे बूड टेकतो. पहिल्या खेपेला चुकल्यासारखं वाटेल. भाजी निवडता निवडता पुन्हा लावा, आणि इंग्रजी शब्द नाही कळले तर सोडून द्या.